कधीच न निघालेली टाइल

वर्लीन टगलने सव्वीस वर्षं अंतराळयानाच्या पोटाखाली मान वर करून काम केलं. ते यान पुन्हा पुन्हा वापरता येतं, असं जगाला सांगितलं जाई. खोटं नव्हतं ते. फक्त प्रत्येक वेळी परत आलं की शेकडो माणसं तीन-चार महिने त्याच्या अंगावरच्या हजारो टाइल्स एकेक करून तपासायची, खराब झालेल्या फोडून काढायची, नव्या चिकटवायची आणि मग ते पुन्हा वापरता यायचं, एवढं सांगायचं राहून जाई. परतीच्या वाटेवर यानाचं पोट भट्टीसारखं तापायचं आणि आतल्या सात जणांचा जीव या टाइल्सच्या भरवशावर असायचा.

आता उड्डाणं कायमची थांबली होती. यान संग्रहालयात चाललं होतं आणि वर्लीन जवळच्या टायटसव्हिल गावातल्या आपल्या घरी. पण ओर्तेगा नावाचा एक तरुण इंजिनियर नव्या कंपनीतून आला होता. त्यांचंही यान माणसं नेणार होतं, पुन्हा पुन्हा. त्यांना नव्या पोरांना हे काम शिकवणारं माणूस हवं होतं. वर्लीनला ती नोकरी जिवापाड हवी होती. सत्तावन्नाव्या वर्षी तिला दुसरं काही येतही नव्हतं.

संग्रहालयाच्या श्रीमती प्रेस्कॉट यांनी काचेत ठेवायला एक टाइल मागितली होती. कागदपत्रं चाळून त्यांनी चारशे सतरा नंबरची निवडली. आजूबाजूच्या सगळ्या तीन-तीनदा बदलल्या, ही मात्र पहिल्या उड्डाणापासून जागची हललेली नव्हती. आज दुपारी सगळ्यांसमोर वर्लीनने ती काढायची, ओर्तेगाने तिच्या हाताचं कसब बघायचं, असं ठरलं.

नेमकी चारशे सतरा!

टाइलचा गोंद सुकायला सोळा तास लागत. पहिल्या उड्डाणाच्या घाईत कुणीतरी तिला युक्ती सांगितली, की गोंदात थोडं थुंकलं की काम दोन तासांत होतं. ती थुंकली, एकदाच. पुढे प्रयोगशाळेने शोधून काढलं, की थुंकीने गोंद लवकर सुकतो खरा, पण कच्चा राहतो. तोवर तपासनीस हॉयटची सही होऊन गेली होती. टाइल बदलायची तर अर्जात कारण लिहावं लागे. धड दिसणाऱ्या टाइलला कारण काय लिहिणार? ती गप्प बसली. यान परतलं की मात्र सगळ्यात आधी चारशे सतराखाली जायची, अंगठ्याने दाबून बघायची आणि तपासणीच्या वहीत सही करायची. उड्डाणानंतर सगळे रिवाजाप्रमाणे बीन्स आणि मक्याचा पाव खायचे. यान उतरेपर्यंत हिच्या घशाखाली घास जायचा नाही. लोक म्हणायचे, वर्लीनचं डाएट चालू आहे.

आज सकाळी तिने हॉयटला सगळं सांगून टाकलं.

"अगं बाई, त्या कागदावर माझी सही आहे!" हॉयट कळवळला. "सव्वीस वर्षं गप्प बसलीस, आणखी सव्वीस मिनिटं बसवत नाही का तुला?"

मग ती श्रीमती प्रेस्कॉटकडे गेली. "बाई, दुसरी टाइल निवडा. हिच्यात दोष आहे."

"मिस वर्लीन, किती हा विनय!" बाईंनी तिच्या गालाला हात लावला. "अहो, पाटी छापून झालीय. 'निर्दोष जोडणी' असं लिहिलंय तिच्यावर."

छापलेल्या पाटीपुढे कुणाचं काय चालणार?

दुपारी वीस-पंचवीस माणसं यानाखाली जमली. वर्लीनने बोटं कडेला लावली, हळूच ओढलं आणि टाइल अख्खी तिच्या हातात आली. एक कपचा उडाला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मी असं कधी पाहिलं नव्हतं!" ओर्तेगा म्हणाला. "चांगली चिकटलेली टाइल फोडल्याशिवाय निघत नाही म्हणतात. काय हात आहे तुमचा! नोकरी तुमची, मिस वर्लीन. बोला, पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवणार?"

ज्या टाइलच्या भरवशावर तीसेक वेळा सात-सात माणसं घरी परतली, ती दोन बोटांनी निघाली होती. आणि लोक टाळ्या वाजवत होते. वर्लीनला रडू फुटलं.

"हेच शिकवीन," ती म्हणाली आणि टाइल उलटी केली. लाल गोंदात मध्यभागी एक चकाकता डाग होता. "मी काढली नाही ही. आपसूक हातात आली. गोंदात थुंकले होते मी."

टाळ्या थांबल्या. हॉयट छताकडे बघू लागला.

"आणि तरी उडू दिलंत?" ओर्तेगाने विचारलं.

"दिलं. भ्याले म्हणून बोलले नाही."

ओर्तेगाने तपासणीची वही मागवली. पानं उलटत गेला. प्रत्येक उड्डाणानंतर पहिली सही, व्ही. टी., चारशे सतरा. कुणी सांगितलेलं नसताना. शेवटच्या पानापर्यंत जाऊन त्याने वही मिटली.

"सोमवारी सातला या," तो म्हणाला. "ही टाइल घेऊन."

"मग माझ्या काचेत काय ठेवू?" श्रीमती प्रेस्कॉट हवालदिल झाल्या.

त्यांच्या काचेत गोदामातली एक कोरी टाइल बसली. जी कशालाच कधी चिकटली नाही, तिच्याखाली 'निर्दोष जोडणी' अशी पाटी आली.

निरोपाच्या जेवणाला बीन्स आणि मक्याचा पावच होता. वर्लीनने ताट भरून घेतलं, चाटूनपुसून संपवलं आणि पुन्हा वाढून घेतलं.

"सुटलं वाटतं डाएट!" हॉयट म्हणाला. त्याचा राग अजून गेला नव्हता.

"आज खाऊन घेते रे," वर्लीन म्हणाली. "त्यांचंही यान माणसं नेणार आहे. सोमवारपासून परत उपास."