प्रॅक्टिकलचे तास

डॉक्टर खांबेट्यांच्या दवाखान्यात मी नऊ वर्षं रक्त तपासलं आणि कागदोपत्री मी तिथे एक दिवसही नव्हते. हे मी रागाने सांगते आहे. शांतपणे सांगायची माझी इच्छाही नाही.

१९७५ साली त्यांनी कुवेतमधल्या खैतान भागात दवाखाना काढला. मी त्याच वर्षी लग्न होऊन कुवेतला आले होते. हरीश, माझा नवरा, शुऐबाच्या एका खत कारखान्यात टेक्निशियन. मी सांगलीची, इंटर सायन्स झालेली. पुढे बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतली आणि पहिलं वर्ष अर्ध्यावर असताना मुहूर्त निघाला म्हणून सोडली. डॉक्टर हरीशचे शाळेपासूनचे मित्र. एकदा जेवायला आले आणि दुसरी पोळी घेता घेता म्हणाले, "वहिनी, दिवसभर घरात बसून कंटाळत असाल. लॅबमध्ये जरा मदत करा ना."

ती जरा मदत नऊ वर्षं चालली.

मी हरीशच्या व्हिसावर होते, म्हणजे सरकारदरबारी गृहिणी. पगारावर काम करायची मला परवानगी नव्हती. "डिग्रीशिवाय टेक्निशियनचा व्हिसा देतच नाहीत हो, वहिनी," डॉक्टर म्हणायचे, "माझे हात बांधलेले आहेत." मी विश्वास ठेवला. आपला माणूस, आपल्या भाषेत बोलतो, तो खोटं कशाला बोलेल? महिन्याचं पाकीट त्यांची बायको, प्रेमावहिनी, घरी बोलावून द्यायची. वर चहा, चिवडा आणि "यांना तुमचं किती कौतुक आहे!"

दर शनिवारी सकाळी डॉक्टर पन्नासेक कोऱ्या रिपोर्टांवर सह्या करून ठेवत. आठवडाभर मी त्यांत आकडे भरायची. साखर, युरिया, हिमोग्लोबिन. सिक लीव्हसाठी दोन-चार लेटरहेडंही तशीच सही करून रिसेप्शनवरच्या ताहिराच्या खणात असत. नऊ वर्षांत त्यांनी माझा एकही आकडा तपासून पाहिला नाही. पाहायची गरज पडली नाही, हे माझं मी सांगते. दुसरं कोण सांगणार?

सरकारी हॉस्पिटलात टेक्निशियन घेतात हे मला चंपाने सांगितलं. चंपा तिथे नर्स, आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. अट एकच, डिग्री. आणि अमेरिकेतलं एक कॉलेज घरबसल्या डिग्री देतं, हेही तिनेच शोधून काढलं. आपणच अभ्यास करायचा, कुवेत शहरात केंद्रावर परीक्षा द्यायची, पास झालं की त्या विषयाचे क्रेडिट आपल्या नावावर जमा, पुरेसे साठले की डिग्री. वर्गात बसायला नको. डिग्री म्हणजे सरकारी नोकरी आणि नोकरी म्हणजे माझा स्वतःचा व्हिसा, ज्यावर माझ्या नावापुढे 'गृहिणी' लिहिलेलं नसेल. पहिला विषय केमिस्ट्री.

दवाखाना दुपारी एक ते चार बंद असायचा. त्या तीन तासांत घरी येऊन मी दोन वर्षं केमिस्ट्री केली. बाहेर डांबर वितळत असायचं, आत एसी कुरकुरत असायचा, आणि मी भिजवलेले छोले आणि दात कोरायच्या काड्या घेऊन रेणू जोडत बसायची. मिथेन, इथेन, बेन्झीन. संध्याकाळी काड्या काढून सगळ्यांची उसळ. हरीश म्हणायचा, "आज बेन्झीनला मीठ कमी पडलंय." चेष्टा करायचा, पण शुक्रवारी सगळी भांडी तोच घासायचा. हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

आणि एक सांगते, त्या दोन वर्षांत मी फार सुखात होते. लघवीत साखर असली की निळं औषध तापवल्यावर हिरवं, पिवळं, विटकरी होतं, हे मी हजारदा पाहिलं होतं. का होतं ते माहीत नव्हतं. शेजारणीने सांगितलेली पाककृती करावी तसं मी काम करत आले होते. एका दुपारी ते 'का' कळलं. तांबं काय करतं, साखर काय करते, कोण कोणाला इलेक्ट्रॉन देतं. मी उठून एकटीच स्वयंपाकघरात फेऱ्या मारल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं. केमिस्ट्रीच्या पुस्तकाच्या बेचाळिसाव्या पानावर रडणारी बाई कोणी पाहिली असती तर डॉक्टरांनाच बोलावलं असतं.

१९८३च्या नोव्हेंबरात परीक्षा झाली. हॉलमध्ये अमेरिकन शाळेतली चार मुलं आणि साडीतली मी. दीड तासाचा पेपर मी सव्वा तासात सोडवला. दोन महिन्यांनी निकाल आला. उत्तम मार्कांनी पास, सहा क्रेडिट. हरीशने अख्ख्या मजल्याला बर्फी वाटली.

पत्राच्या खाली मात्र एक परिच्छेद होता. हे सहा क्रेडिट थिअरीचे. लॅब टेक्निशियनच्या डिग्रीसाठी प्रॅक्टिकलचे दोन लागतील आणि ते नसतील तर हे सहाही त्या डिग्रीत धरले जाणार नाहीत. त्यासाठी एखाद्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाने लिहून द्यावं, की या व्यक्तीने आमच्याकडे किमान एकशेवीस तास काम केलं आहे.

एकशेवीस तास! मी मोठ्याने हसले. एवढे तास तर माझे महिन्याभरात व्हायचे.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला.

"वहिनी, अभिनंदन. पण हे मला लिहून देता येणार नाही."

"का? खोटं आहे का?"

"खरं आहे म्हणूनच. तुम्ही इथे काम करता असं मी लिहून दिलं आणि ते कोणाच्या हाती लागलं, तर मला दंड आणि तुम्हाला दोघांना सामानासकट मुंबईचं विमान."

"अमेरिकेतलं कॉलेज कुवेतच्या पोलिसांना कळवायला बसलंय का?"

"कागद तो कागद, वहिनी. तो कुठेही जातो."

घरी हरीशही तेच म्हणाला. "तू पास झालीस हे आपल्याला माहीत आहे ना? बास की." मी त्या रात्री त्याच्याशी बोलले नाही. आपल्याला माहीत असून चालणार असतं, तर परीक्षा कशाला दिली असती?

आठ दिवस मी सरळ काम केलं. नवव्या दिवशी ताहिरा नमाजाला गेली असताना तिच्या खणातून सही केलेलं एक लेटरहेड घेतलं आणि टाइपरायटरपुढे बसले. चार ओळी. श्रीमती नीला हरीश साठे यांनी माझ्या प्रयोगशाळेत सन १९७५ पासून अमुक तपासण्या केल्या आहेत. तास लिहिले पाचशे. खरे मोजले असते तर कोणाचा विश्वास बसला नसता. त्यांच्या सहीवर मी रोज आकडे लिहीत होते, त्या दिवशी शब्द लिहिले, एवढाच फरक. चोरी होती का? होती. पण त्यात एक शब्द खोटा असेल तर दाखवा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कॉलेजने खात्री करून घ्यायला डॉक्टरांनाच पत्र टाकलं. दवाखान्याच्या पत्त्यावर, थेट. डॉक्टरांनी मला काही न विचारता उत्तर पाठवलं. आणि त्या उत्तराची प्रत कॉलेजने माझ्या घरी धाडली, सोबत त्यांचा निर्णय.

उत्तर छान इंग्रजीत होतं. सदर महिला आमच्याकडे कधीही नोकरीस नव्हती. ती माझ्या मित्राची पत्नी असून अधूनमधून भेटीस येते. अशाच एखाद्या भेटीत तिने माझ्या लेटरहेडचा गैरवापर केला असावा.

निर्णय एका ओळीचा होता. बनावट प्रमाणपत्र दिल्याबद्दल केमिस्ट्रीचे सहा क्रेडिट रद्द, पुन्हा कधीही परीक्षेस बसता येणार नाही.

नऊ वर्षांत डॉक्टरांनी न वाचता सह्या केलेले हजारो कागद खरे ठरले. वाचला तो एकच, आणि तेवढा बनावट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"मला एकदा विचारायचं होतं ना, वहिनी," ते म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, हे खोटं नाही.

"विचारलं होतं."

"मग मी नाही म्हटलं होतं ना?"

मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "झालं ते झालं. सकाळचे चौदा नमुने आलेत. तुमच्याइतका स्वच्छ हात अख्ख्या कुवेतमध्ये नाही. तुमच्याशिवाय ही लॅब चालायची नाही."

"हे लिहून द्या," मी म्हटलं.

त्यांनी चौदा नमुन्यांची यादी माझ्यापुढे सरकवली.

बाहेर बाकावर शत्रुघ्न बसला होता, दोडामार्गकडचा प्लंबर, मधुमेहाचा जुना रोगी. पहाटेपासून उपाशी. "ताई, बेगीन बघा ओ, चक्कर येताहा," तो म्हणाला. मी त्याचं रक्त तपासलं, बाकीचे तेराही तपासले. माणसं उपाशी होती, त्यांचा काय दोष? मग एप्रन काढून खुंटीला लावला आणि घरी आले. भेटीला आलेलं माणूस हवं तेव्हा उठून जातं. मी नोकरी सोडली हे दाखवायलासुद्धा माझ्याकडे कागद नाही.

दीड महिन्याने हरीश जेवताना म्हणाला, "प्रभाकरने नवा टेक्निशियन आणलाय. उदय म्हणून कोणी आहे, प्रेमावहिनींच्या नात्यातला." प्रभाकर म्हणजे डॉक्टर.

"व्हिसा?"

"टेक्निशियनचाच. चाळीस दिवसांत झाला म्हणे."

"बी.एस्सी. आहे?"

हरीशने घास खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "इंटर सायन्स."