एक उना

भूपेंद्रने धनसिंगचा नंबर पुन्हा लावला आणि पुन्हा तीच बाई बोलली, फोन बंद आहे म्हणून. पंचायत समितीच्या फाटकासमोर रसवंतीच्या बाकावर बसून तो सकाळपासून हेच करत होता. रसाचा ग्लास समोर तसाच होता, त्यात माशी पडली तरी त्याला शुद्ध नव्हती.

आत त्याची धाकटी बहीण चारुलता सभापतिपदाची उमेदवार म्हणून बसली होती. भूपेंद्रचा तापी मंच आणि धनसिंगची पांझरा परिषद, दोन्ही इवलेसे पक्ष. एरवी एकमेकांना पाण्यात पाहायचे, पण सुभाषशेठला सत्तेबाहेर ठेवायचं म्हटल्यावर पंधरवड्यापूर्वी गळ्यात गळे घालून मोकळे झाले होते. बहुमत मात्र अगदी काठावरचं. त्यातून परिषदेचे दोन सभासद, रतिलालनाना आणि चिंधाआबा, काल सहलीच्या गाडीतून दोंडाईचाला चहाला उतरले ते गायब. दोघांपैकी एक जरी आला तरी चारू सभापती. धनसिंग त्यांच्या शोधात गेला होता आणि सुभाषशेठची माणसं माग काढतील म्हणून फोन बंद ठेवून होता.

चारूला उभं केलं ते भूपेंद्रनेच. सासरच्यांना ते नको होतं. "निवडून आणायची जबाबदारी माझी," असं तो तिच्या सासऱ्यांना छातीठोकपणे सांगून आला होता. आता हात वर होणार, मोजले जाणार आणि पोर भर सभागृहात पडणार, एवढंच त्याच्या डोळ्यांसमोर येत होतं.

मोबाइल वाजला. धनसिंगचा मेसेज होता.

'एक उना.'

भूपेंद्रचं उरलंसुरलं अवसान गळालं. एक उणा. म्हणजे एक कमी. धनसिंगने 'ण'चा 'न' लिहिला, यात त्याला काही वावगं वाटलं नाही. भूपेंद्र स्वतः वाढला भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत, पण घरात पाण्याला पानी आणि लोण्याला लोनीच म्हणत. त्याने घाईघाईने फोन लावला. बंद.

माघारीची वेळ संपत आली होती. काल सुभाषशेठने निरोप धाडला होता, चारूने माघार घेतली तर उपसभापतिपद मंचाला. निरोप आणणाऱ्याला भूपेंद्रने काल हाकलून दिलं होतं. आज त्याने स्वतःच फोन लावला.

"शेठ, आम्ही माघार घेतो. उपसभापतीचं तेवढं…"

"शब्द म्हणजे शब्द," सुभाषशेठ म्हणाले. "कालच ऐकलं असतं तर एवढा घाम तरी गाळावा लागला नसता, भाऊ."

भूपेंद्रने शिपायाच्या हातात चिठ्ठी दिली. 'एक कमी पडतोय. माघार घे. माझ्यावर विश्वास ठेव.'

चारूने विश्वास ठेवला. थोड्या वेळाने आतून 'बिनविरोध, बिनविरोध' असा गलका आला आणि शेठच्या माणसांनी गुलालाची पोती फोडली. पोर पडली तर नाही, या विचाराने भूपेंद्रला हायसं वाटलं. त्याने माशी काढून टाकली आणि रस पिऊन टाकला.

तेवढ्यात धुळ्याकडून आलेली जीप फाटकाशी करकचून थांबली. धनसिंगने उडी मारली.

"भूपेंद्रभाऊ, मतदान व्हयनं का?"

"कशाचं मतदान? तुम्हीच तर कळवलं, एक कमी आहे."

"कमी?" धनसिंग त्याच्याकडे बघतच राहिला. "मी लिखं, एक उना! चिंधाआबा काय सापडना नही, पण रतिलालनाना गाडीमा बशेल शे ना!"

मागच्या दाराने रतिलालनाना टोपी सारखी करत उतरत होते. उना. अहिराणीत, आला. भूपेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. धनसिंगची नजर गुलालाकडे गेली, मग भूपेंद्रकडे आली, आणि तिथून हलेना.

चारुलता फाटकातून बाहेर आली. डोळे लाल होते, पण तिने ते पुसले नव्हते. जीपकडे तिचं लक्षही गेलं नाही. ती थेट भावासमोर येऊन उभी राहिली.

"कोण फुटलं, दादा?"

हातातला रिकामा ग्लास त्याने बाकावर ठेवला.

"रतिलालनाना नसणार. मला लेक म्हणतात ते. बाहेर काही का बोलेनात लोक, मला खरं सांग. कोण फुटलं?"

भूपेंद्रने एकदा जीपकडे पाहिलं.

"मी," तो म्हणाला.