गुणाजीचं गाऱ्हाणं

गुणाजी परबाचा आवाज असा, की भांडुपच्या टेकडीवर त्याने गणपतीपुढे सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं सुरू केलं की मुलुंडची कुत्री भुंकायची थांबून कान टवकारत. गिरणीत साच्यांच्या खडखडाटावरून तो चहा मागवी, तो शेजारच्या गिरणीतूनही येई. यातलं निम्मं खोटं धरलं तरी उरतं ते पुष्कळ आहे.

मग घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं.

मुलगा निलेश कॉम्प्युटरवाला. देशोदेशीची चार टाळकी मिळून एक प्रोग्राम लिहून फुकट वाटत, माणसाचा आवाज शिकून तसाच बोलणारा. निलेश त्यातला एक. ऑपरेशनआधी त्याने बाबांना घरच्या जुन्या लॅपटॉपपुढे बसवून बोलतं केलं. पुढे गुणाजी टाइप करी आणि ते डबडं त्याच्याच आवाजात विचारी, "सुगंधा, कढीत मीठ खंय हा?"

"आवाज गेलो, पण खोड नाय गेली," त्याची बायको सुगंधा म्हणे.

पण एकच प्रोग्राम सगळ्या जातीच्या मशीनवर चालवायचा म्हणजे प्रत्येकीचे वेगळे लाड. एक खूश झाली की दुसरी रुसते. जुन्या मशीन सोडून द्याव्यात का, असा विषय मंडळींत निघाला. निलेशनेच लिहिलं, "असलं भंगार आता वापरतं कोण?" बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि नव्या आवृत्तीतून जुन्या मशीन वगळल्या. घरातला लॅपटॉप त्याला आठवलाही नाही. त्याच्या लेखी तो मशीन नव्हताच. ते बाबा होते.

विसर्जनाच्या सकाळी, सणाला नवं हवं म्हणून त्याने लाडाने बाबांच्या लॅपटॉपात प्रोग्रामची नवी आवृत्ती घातली. तिने उघडल्या उघडल्या आवाजाची फाईल नव्या साच्यात ओतायला घेतली आणि निम्म्यावर डबडं बंद पडलं. पुन्हा चालू केलं. जुना प्रोग्राम इंटरनेटवरून परत आणला, तो आलाही. फाईल मात्र फुटलेली. दुसरी प्रत नव्हती. जगाला 'प्रत ठेवा' सांगणाऱ्या निलेशने स्वतः ठेवली नव्हती.

"काय रे, वाट लागली वाटतं?" शेजारच्या सुंदराबाई हसत म्हणाल्या. निलेशचं तोंड बघून त्यांनी पदर तोंडावर धरला.

"झिला," सुगंधाने हळूच विचारलं, "ह्यांचो आवाज खंय गेलो रे?"

"मीच घालवला, आये."

गुणाजीने लॅपटॉप मिटला. झाकणावरून हात फिरवला, पोराच्या पाठीवरून फिरवला, आणि नारळ घेऊन देवापुढे उभा राहिला. ओठ हलू लागले. ओठ थांबले की जमलेली माणसं म्हणत, "व्हय म्हाराजा!"

चुकल्यामाकल्या लेकराला पदरात घे, हे ओठांवरचं निलेशला वाचता आलं. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. निलेशचेही नुसते ओठ हलले.

तिकडे मुलुंडची कुत्री त्या दिवशी भुंकतच राहिली म्हणतात.