लिम्बानीने मंत्र्यांना विचारलं

“नाव-गाव सांगू नकोस म्हणावं तुझ्या भावाला,” शेजारच्या नागामाकाकू मला म्हणाल्या होत्या. “प्रश्न विचार नि फोन ठेव.” मी हसण्यावारी नेलं. नाव, वस्ती, घरच्यांचे नमस्कार सांगितल्याशिवाय रेडिओवर बोलणं म्हणजे आमच्याकडे उर्मटपणा. निवेदकच झापतो.

माझा धाकटा भाऊ लिम्बानी मिनीबस चालवतो. त्या सकाळी तो लिम्बे भागातल्या पंपावर पेट्रोलच्या रांगेत होता आणि रेडिओवर अर्थमंत्री लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. प्रश्न आम्ही दोघांनी मिळून जुळवलेला. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकलेली, धीट मात्र तो. माझ्या लेकीला, वेझीला, पाठीशी बांधून मी कान लावून बसले.

“मी लिम्बानी मक्वाला, न्दिरांडे, पाण्याच्या टाकीखालची गल्ली. ताडालाताईचा आणि भाची वेझीचा सगळ्यांना नमस्कार. साहेब, भाव आवरायला म्हणून तुम्ही पेट्रोलवर लिटरमागे कर घेता. भाव तर वाढलेच. मग तो पैसा गेला कुठे? परदेशी कर्ज माफ झालं म्हणता, मग आपल्या चलनाची, क्वाचाची किंमत का पाडलीत?”

“लिम्बानीभाऊ, तुमचं पेट्रोल समुद्रात आहे, जहाजावर,” मंत्री हसले.

“मी पैशाचं विचारलं, तुम्ही समुद्राचं सांगताय. आपल्या देशाला समुद्र तरी आहे का, साहेब?”

फोन कापला गेला. रांगेतल्या गाड्यांनी म्हणे हॉर्नचा एकच गजर केला.

दुपारी दारात एक माणूस उभा. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज.

“ताडालाताई ना? आणि ही वेझी! भावाला समक्ष उत्तर द्यायचंय. कुठे भेटेल?”

“झोम्बाला गेलाय,” मी थाप मारली.

“अस्सं? मग लिम्बेच्या रांगेतली बस कुणाची?” त्याने वेझीच्या गालाला हात लावला आणि निघून गेला.

लिम्बानीचा फोन बंद. मी पोरीला घेऊन तशीच लिम्बेला धावले. त्याची पांढरी मिनीबस रांगेत होती, हळूहळू पुढे सरकत होती. चालकाची जागा रिकामी. मागून दोघेतिघे ढकलत होते.

“घाबरू नका ताई,” मागच्या गाडीचे जाफुलीदादा म्हणाले. “दोघं आले, ‘चल, उत्तर देतो’ म्हणाले. हा म्हणाला, गाडी बघा, आलोच. त्याचा नंबर आम्ही जाऊ देणार नाही.”

“कुणाची माणसं?”

“विचारलं की. नुसतेच हसले.”

पोलीस चौकीत म्हणतात, असा कुणी आणलाच नाही. मंत्र्यांच्या कार्यालयात म्हणतात, आम्ही कुणाला पाठवलंच नाही.

तो आला तर आधी माझ्याकडेच येईल, म्हणून मी दार सोडत नाही. रांग अजून संपलेली नाही. तुमच्यापैकी कुणी त्या पंपावरून जात असाल, तर क्षणभर थांबा. पांढऱ्या मिनीबसमध्ये चालकाच्या जागी डोकावून बघा आणि कुणी आहे की नाही, तेवढं मला कळवा.