गुलाबी सीरम

पल्लवी आठ वर्षं सुरतेतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासत होती, पण बापाच्या रक्ताची नळी हातात घ्यायची वेळ त्या कोरोनाच्या एप्रिलातच आली. बाजीराव, तिचे आबा, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये उभा जन्म काढलेला माणूस. चार दिवस ते वॉर्डात ऑक्सिजनवर होते आणि श्वास काही सुधारत नव्हता. आयसीयूत एकच खाट रिकामी झाली होती. ती कुणाला द्यायची, हे डॉक्टर देसाई दोन वाजता रक्ताचे रिपोर्ट बघून ठरवणार होते.

पावणेदोनला तिने नळी फिरवून काढली, तर वरचं सीरम गुलाबी. ते पिवळं हवं. घाईत सुई टोचताना कुणीतरी रक्तपेशी फोडून ठेवल्या होत्या. अशा रक्तात एलडीएच, म्हणजे आतल्या नुकसानीचा अंदाज देणारा आकडा, खोटाच फुगतो. नळी फेकायची आणि नवं रक्त मागवायचं, हे तर पल्लवीनेच नव्या पोरींना दटावून शिकवलेलं.

पण आठ वर्षांत तिने दुसरंही एक पाहिलं होतं. आकडा लाल झाला की लॅबमधून फोन जातो आणि वॉर्डात धावपळ उडते. जितका मोठा आकडा, तितके लोक लवकर धावतात. आबांसाठी कुणीतरी धावावं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने ती नळी मशीनला लावली. अकराशे चाळीस. तिने मुकाट्याने रिपोर्ट पाठवून दिला.

दोनला देसाईंचा फोन आला. "पल्लवीबेन, बाजीरावभाईनो रिपोर्ट पाक्को छे ने?"

"पाक्को छे, साहेब."

"मग खाट दुसऱ्याला देतो, बेन. नऊशेच्या वर गेलेला एकही पेशंट या महिन्यात आयसीयूतून परत आला नाही. एकच खाट आहे. जो वाचेल असं वाटतं, त्यालाच द्यावी लागते मला."

बापाचा गळा आपण आपल्या हाताने आवळला, असं पल्लवीला वाटलं. लिफ्टची वाट न बघता ती तीन जिने चढली आणि देसाईंसमोर सगळं ओकून मोकळी झाली. नळी खराब होती, मला कळलं होतं, तरी मी पाठवली. नोकरीवरून काढा, पण आबांचं रक्त परत तपासू द्या.

देसाई चिडलेही नाहीत. चिडायला अंगात जोर लागतो. "अर्धा तास देतो," ते म्हणाले. "रक्त तुम्हीच काढा."

किट चढवून ती खाटेशी गेली, तेव्हा आबांनी तिला डोळ्यांवरून ओळखलं. मास्कमधून एकेक शब्द काढत त्यांनी विचारलं, "माय, तू जेवनी का?" जेवले म्हणून तिने मान हलवली आणि अगदी हळू सुई टोचली.

या वेळी सीरम पिवळं धमक निघालं. पल्लवीला रडू फुटलं, आनंदाने. आता खरा आकडा येणार होता, आणि खरा म्हणजे कमी, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

नऊशे शहाऐंशी.

तिने तीच नळी पुन्हा लावली. नऊशे चौऱ्याऐंशी. फोन वाजला. सहाशे म्हटलं असतं तरी देसाईंनी विश्वास ठेवला असता, आता तर जास्तच. पण खाटेची वाट बघणारं दुसरंही कुणाचं तरी माणूस होतंच. तिने खरा आकडा सांगितला.

"बेन," देसाई म्हणाले, "लॅब दुसऱ्या कुणाकडे सोपवा. वर येऊन वडिलांपाशी बसा. कुणी अडवणार नाही."

त्या वॉर्डात नातेवाइकांना बसू देत नसत. देसाई कधी बसू देतात, ते पल्लवीला ठाऊक होतं. "साहेब, अजून एकदा रक्त काढू का?" तिने विचारलं.

"या तुम्ही," ते म्हणाले. "लवकर या."