आतल्या अंधारात झिजलेला

मी एक जुना प्लास्टिकचा तुकडा आहे, मित्रांनो, पण मला बादली-मगाच्या जातीतला समजू नका हं! पांढराशुभ्र, आठ मिलिमीटर जाड, कारखान्यात तासूनघासून पाकिटात बंद केलेला. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा अर्धा गुडघा निकामी झाला होता. तेवढाच भाग बदलताना डॉक्टरांनी मला धातूच्या दोन भागांमध्ये बसवलं. वरून कातडी शिवली गेली आणि माझा उजेड गेला तो गेलाच.

आत मिट्ट काळोख. माणसांचे शब्द हाडांतून यायचे. पहिली दोन वर्षं माझं कोण कौतुक! "हा गुडघा विकतचा आहे, याला काय होतंय!" असं बाई गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायच्या आणि झग्याचा घेर आखायला गुडघा टेकून बसताना सगळा भार त्याच गुडघ्यावर टाकायच्या. जपायच्या तो स्वतःचा दुसरा. दिवसातून तीस-तीस वेळा हेच. मला ओरडता कुठे येतं?

मी झिजू लागलो. माझी पिठासारखी धूळ आत सांडू लागली. मग अंधारातून काहीतरी सरपटत आलं. बाईंच्याच शरीरातले राखणदार ते, जंतूंना खाणाऱ्या पेशी. परकी म्हणून माझी धूळ खाऊ लागले. ती पचेना, तसं त्यांच्यामुळे हाडच पोखरलं जाऊ लागलं. ते कुरतडणं मला कळायचं, बाईंना नाही. मी भेदरून गेलो होतो.

"ताई, गुडघ्याचा यंदाचा एक्स-रे फोटो राहिलाय," धाकटी बहीण म्हणायची.

"दुखतंय कुठे? उगाच डॉक्टरांचं तोंड कशाला बघायचं!"

अशी सहा वर्षं गेली. एकदा बाई घेर आखायला बसल्या आणि गिऱ्हाईक दचकलं. "बाई, कसला हो हा आवाज?"

"मशीनचा असेल."

मशीन बंद होतं. बहिणीने ते पाहिलं आणि त्याच दिवशी बाईंना दवाखान्यात नेलं.

फोटोत हाडाला काळी भोकं दिसली. मला काढून अख्खा सांधा बदलावा लागला, त्यात माझ्यासारखाच नवा तुकडा बसला. डॉक्टर स्पष्टच बोलले, "हाड थोडंच उरलंय. पुन्हा असं झालं तर नवा सांधा बसवायला जागा नाही. मग चालणं विसरा."

टाके काढायला आल्या तेव्हा बाईंनी मला मागून घेतलं आणि खिडकीशी धरलं. मी इतका पातळ झालो होतो की पलीकडच्या बोटाची सावली दिसत होती. "अरे, एवढासाच उरलास? मला वाटायचं, तुझं छान चाललंय." त्या रडल्या. मलाही फार वाईट वाटलं.

मित्रांनो, दुखत नाही म्हणून तपासणी टाळू नका. आम्ही न बोलता झिजतो.

बाईंनी मला खिडकीतच ठेवलं, पुढच्या तपासणीची तारीख स्वतःहून लिहून घेतली आणि काठी टेकत निघाल्या. दारापर्यंत सात पावलं. आठव्या पावलाला नव्या तुकड्याचा पहिला कण सुटला. मला इथपर्यंत ऐकू आला.