वाचून दाखवलं, मान्य

ब्रायोनी हेपवर्थला कॉलेजात जायचंच नव्हतं असं नाही. पण आधी कर्ज काढून शिकायचं आणि मग नोकरीसाठी दारोदार हिंडायचं, हे तिच्या घरात कुणालाच पटलं नाही. म्हणून ती आमच्या हडर्सफील्ड गावातल्या एका ऑडिट फर्ममध्ये अप्रेंटिस लागली. आठवड्याचे चार दिवस काम, पाचव्या दिवशी विद्यापीठ. पगार चालू, फी फर्मची, आणि शेवटी पदवीही हातात. आमच्या गल्लीत अशा पोरीला हुशार म्हणतात.

फर्ममध्ये मात्र पदवी घेऊन आलेल्या पोरांचा तोरा वेगळाच. त्यातला ह्यूगो तिला ‘टिकटिक’ म्हणायचा, कारण अप्रेंटिसचं काम म्हणजे आकडे ताडून पाहायचे आणि बरोबर असले की टिक करायची. “काय टिकटिक, झाल्या का खुणा करून?” असं तो सगळ्यांसमोर विचारायचा. ती हसायची. हसून झाल्यावर बाथरूममध्ये जाऊन त्याला मनसोक्त शिव्या घालायची.

त्या हिवाळ्यात त्यांची तुकडी पडद्यांच्या एका कारखान्यात ऑडिटला गेली. ऑडिटवाल्यांना कुठेही गेलं तरी सगळ्यात थंड खोली मिळते, तशी इथेही मिळाली. ब्रायोनी ऊब घ्यायला म्हणून लोरेन अ‍ॅक्रॉइडच्या टेबलापाशी जाऊन बसायची. लोरेन कारखान्याची बिलं भागवायची. शाळा संपल्यापासून ती तिथेच कामाला होती. पहिल्याच दिवशी तिने आल्याच्या केकचा डबा पुढे सरकवला.

“खा गं पोरी. तुझ्या त्या साहेबाने तुला उपाशी ठेवलंय की काय?”

“नको, आत्ताच खाल्लं.”

“खोटं बोलू नकोस. तोंडावरून कळतं. घे दोन.”

ऑडिटची एक रीत आहे. एखादं काम कसं चालतं ते त्या माणसाशेजारी बसून बघायचं, दिसलं ते लिहायचं, आणि लिहिलेलं त्याच माणसाला वाचून दाखवायचं. तो ‘बरोबर’ म्हणाला की खाली लिहायचं : ‘वाचून दाखवलं, मान्य.’ ब्रायोनीचा मॅनेजर गॅरेथ यावर फार कडक होता. “माणूस काय करतो ते तुला दिसेल. का करतो ते दिसणार नाही. ते त्यालाच विचारायचं,” असं तो प्रत्येक अप्रेंटिसला सांगायचा.

तर ब्रायोनी लोरेनशेजारी बसून बघत होती. पैसे पाठवायचे तर एकाने रक्कम भरायची आणि दुसऱ्याने बँकेने त्याला दिलेल्या कार्डाने मंजुरी द्यायची, असा नियम होता. भरणारी लोरेन, मंजुरी देणारा तिचा वरिष्ठ नॉर्मन. लोरेनने रक्कम भरली. मग उठून नॉर्मनच्या ड्रॉवरमधून त्याचं कार्ड काढलं आणि मंजुरीही स्वतःच दिली. ब्रायोनीकडे बघून ती जरा ओशाळली.

“त्याचं काय आहे ना पोरी...” ती म्हणाली, आणि नेमका फोन वाजला. कापडवाल्याशी तिचं भांडण जुंपलं ते लवकर मिटेना. ब्रायोनी खुणेनेच ‘नंतर येते’ म्हणाली आणि उठली.

तिने सगळं लिहून काढलं. लिहिताना तिला चक्क आनंद झाला. नुसत्या टिक करणाऱ्या पोरीला पहिल्यांदाच काहीतरी खरं सापडलं होतं, तेही ह्यूगोच्या आधी. आता जाऊन वाचून दाखवायचं तेवढं राहिलं होतं. ती कागद घेऊन दारापर्यंत गेलीही. काचेतून लोरेन दिसली, डब्याचं झाकण उघडत असलेली. जिचा केक खाल्ला तिच्याच तोंडावर हे कसं वाचायचं? ब्रायोनीचा पाय पुढे पडेना. ती तशीच मागे फिरली, खोलीत येऊन बसली आणि शेवटी लिहिलं : ‘वाचून दाखवलं, मान्य.’

गॅरेथने ते वाचलं आणि ह्यूगोसमोर म्हणाला, “याला म्हणतात काम.” ह्यूगोने मान खाली घातली. ब्रायोनी त्या रात्री छान झोपली, हेही सांगायला हवं.

ऑडिट संपलं त्या दुपारी मालकीणबाईंच्या खोलीत बैठक झाली. मिसेस क्रॅबट्री तोंडाने फटकळ बाई. गॅरेथने कार्डाचा मुद्दा वाचला तशा त्या खुर्चीत सरळ झाल्या.

“नॉर्मन कुठाय?”

“बाहेर गेलेत,” कुणीतरी म्हणालं.

“मग लोरेनला बोलवा.”

लोरेन हात पुसत आली. आत इतकी माणसं बघून ती दारातच थबकली.

“लोरेन, नॉर्मनचं कार्ड तू वापरतेस?”

“हो.”

“तुला कुणी दिलं?”

लोरेनने कोरडे हात पुन्हा एकदा पुसले. मग म्हणाली, “ड्रॉवरमध्ये असतं. मी घेते.”

“मी घेते! हा काय साखरेचा डबा आहे?” मिसेस क्रॅबट्री गॅरेथकडे वळल्या. “आणि तुम्ही हे तिला विचारलं होतं? उद्या म्हणेल, मला कुणी सांगितलंच नाही.”

“विचारल्याशिवाय आम्ही लिहीत नाही,” गॅरेथ शांतपणे म्हणाला. “लोरेन, ब्रायोनीने तुम्हाला हे वाचून दाखवलं होतं ना?”

ब्रायोनीच्या कानशिलांत रक्त चढलं. लोरेनने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. लोरेनला नुसतं सगळं समजलं होतं.

“हो,” लोरेन म्हणाली. “दाखवलं होतं. मी बरोबर म्हणाले.”

चौकशी होईपर्यंत लोरेनने कामावर यायचं नाही, असं ठरलं. ती कोट घ्यायला गेली. ब्रायोनी मागोमाग धावली आणि जिन्यापाशी तिला गाठलं.

“लोरेन, का म्हणालात तसं? मी तर आलेच नव्हते तुमच्याकडे.”

“माहितेय मला. मी म्हातारी झालेय, वेडी नाही झाले. नाही म्हणाले असते तर तुझी नोकरी गेली असती.”

“तुम्ही काहीतरी सांगत होतात तेव्हा, फोन आला म्हणून...”

लोरेनने इकडेतिकडे बघितलं. “नॉर्मनची बायको हॉस्पिटलात आहे. फार दिवसांची नाही. दुपारी तो तिच्याकडे जातो, म्हणून कार्ड त्यानेच दिलं. कुणाला सांगू नको म्हणाला. कुणी कीव केलेली तिला चालत नाही. तू विचारायला आली असतीस ना, तर तुला सांगितलं असतं, आणि आपण दोघींनी मिळून काहीतरी रस्ता काढला असता.”

ब्रायोनीला वाटलं, आपण इथल्या इथे जमिनीत गडप व्हावं. “मी आत जाते,” ती म्हणाली. “खरं काय ते सांगते. मी वाचून दाखवलंच नाही म्हणून सांगते.”

“आणि मी?” लोरेनचा आवाज पहिल्यांदाच चढला. “मी आत्ता सगळ्यांदेखत ‘दाखवलं’ म्हणाले. तू खरं बोललीस की मी खोटारडी ठरले. कार्ड घेणारी, वर खोटं बोलणारी. मग मला या गावात दारात तरी कोण उभं करेल गं? जिला विचारायला तुझी जीभ रेटली नाही, तिच्या नावावर आता खरं बोलायला निघालीस होय?”

“मग मी काय करू?”

“गप्प बस. एवढं तरी कर माझ्यासाठी.”

ब्रायोनीचे डोळे भरून आले. माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात बैठक संपवून गॅरेथ बाहेर आला. त्याला या दोघींमधलं काही कळायचं कारणच नव्हतं. जाता जाता त्याने ब्रायोनीच्या खांद्यावर हात ठेवला.

“छान काम केलंस. पुढच्या वर्षी इथल्या ऑडिटची जबाबदारी तुझ्याकडेच देतो.”

लोरेन कोटाची बटणं लावत समोर उभी होती.

“थँक्यू,” ब्रायोनी म्हणाली.